जाड पायांची अक्षरं आणि मंदाताईंची नजर

मंदाताईंचं नाव आधी घेतो, मग बाकीचं. सातपूरच्या पाट्यांच्या कारखान्यात मी ॲसिडच्या टबापाशी उभा असायचो. तिथून मला काचेच्या टेबलापाशी आणलं ते मंदाताईंनी. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला इंग्रजी अक्षरं ओळखायला लावली, तीही त्यांनीच. आणि माझ्या हातून जे घडलं ते स्वतःच्या अंगावर घेऊन मुकाट्याने जिना उतरून गेल्या, त्याही त्याच. या अंकाच्या संपादकांनी मला म्हटलं होतं, "तुमच्या धंद्यातल्या चार गमती लिहा." गमती आहेत, एखादी सांगतोही. पण मंदाताईंना बाजूला ठेवून मी या धंद्याबद्दल काही लिहिलं तर ते खोटं होईल, आणि या बाबतीत मी पुरेसं खोटं वागून झालेलं आहे.

मी मूळचा वणीकडचा, नाशिकजवळची नव्हे, पार दुसऱ्या टोकाची वणी. वडील राजूरला चुनाभट्टीवर होते, मीही पाच-सहा वर्षं तिथेच काढली. भट्टीवर काम केलेल्या माणसाला उन्हाळ्यातही खोकला असतो. वडिलांनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू इथं राहू नको. कुठंही जा, पण भट्टीवर परत येऊ नको." तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. गावचा एक जण सातपूरला एका कंपनीत होता, त्याच्या भरवशावर नाशिकला आलो. हे ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास. एवढ्या लांब आलेल्या माणसाला एक भीती कायम असते: काम सुटलं तर जायचं कुठे? माझ्यापाशी त्या प्रश्नाचं एकच उत्तर होतं, आणि तिकडे जायचं नाही असं बापाला कबूल करून आलो होतो.

आता पाट्या म्हणजे काय ते सांगतो, कारण दुकानावरच्या पाट्या असं लोकांना वाटतं. तुमच्या विहिरीवरच्या मोटरला बघा, पिठाच्या गिरणीला बघा. कुठेतरी एक लहानशी ॲल्युमिनियमची पाटी असते, कोपऱ्यांत रिवेट मारलेली. तिच्यावर किती व्होल्ट, किती दाब, किती फेरे, नंबर काय, हे लिहिलेलं असतं. ती आम्ही करायचो. कागदावर अक्षरं लावायची, मोठ्या कॅमेऱ्याने त्याची फिल्म काढायची, पत्र्याला उजेड लागला की घट्ट होणारा मसाला लावायचा, वर फिल्म ठेवून उजेड द्यायचा, मग धुवायचं. जिथे मसाला निघून जातो तिथे ॲसिड पत्रा खातं, आणि त्या खाचेत काळा रंग बसतो. ही अक्षरं घासून जात नाहीत. मशीन भंगारात जातं तेव्हाही पाटी वाचता येते.

पण त्यासाठी अक्षरही तसं लागतं. आमच्याकडे अक्षरांचे बरेच नमुने होते, नाजूक, तिरपे, वळणाचे. ते लेटरहेडसाठी. पत्र्यासाठी एकच. त्याला कारखान्यात 'पायवाला जाडा' म्हणायचे. टाइपरायटरवर कागद टाइप झालेला तुम्ही पाहिला असेल, त्याच घराण्यातला, पण अंगाने भरलेला. प्रत्येक काठीच्या खाली आणि वर आडवी जाड पट्टी. अक्षर पाटावर उभं आहे असं वाटतं. नाजूक अक्षराच्या टोकांत ॲसिड नीट उतरत नाही, ती पुसट राहतात. याची टोकंच एवढी दांडगी की थोडी कमी खाल्ली गेली तरी अक्षर शिल्लक राहतं. वर ग्रीस बसलं, फिटरने बोटाने पुसलं, तरी कोपरे सांगतात की हा कोण आहे. एकच्या डोक्यावर तुरा आणि खाली रुंद पाट, म्हणजे तो दुसरं कुणी वाटू नये. शून्याच्या पोटात मधोमध ठिपका, म्हणजे त्याला कोणी ओ म्हणू नये.

आणि त्याची खरी खोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखंच घर. इंग्रजीतला आय केवढासा, एक काठी. दुसऱ्या कुठल्याही नमुन्यात तो कोपऱ्यात अंग चोरून उभा राहतो. इथे त्याला एमएवढंच घर मिळतं, मग तो हातपाय पसरून ते भरून काढतो. एम बिचारा पोट आत घेऊन बसतो. त्यामुळे आकडे एकाखाली एक लावले की सरळ रांग लागते. तपासणीला आलेला साहेब वरून खाली बोट फिरवत जातो आणि त्याचं बोट कुठे अडखळत नाही. दिसायला हे अक्षर देखणं म्हणता येणार नाही. मंदाताई म्हणायच्या, "लग्नात मिरवायला नाय ते, ओझं उचलायला हाय."

या अक्षराने लग्नात मिरवल्याचंही एक उदाहरण मात्र मी पाहिलं आहे. ओझरच्या विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आले होते. तीस-पस्तीस वर्षं तपासणी खात्यात काढलेली. मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांना याच अक्षरात हवी होती, आणि तीही पत्र्यावर, पहिली देवासमोर ठेवायला. शेठ त्यांना म्हणाले, "काका, पत्रिका आहे, त्यात जरा वळण हवं." काका म्हणाले, "वळण असलं की चूक लपते." शेवटी मुलगी स्वतः आली, पत्रा बघितला आणि म्हणाली, "बाबा, यात मी पास झाले का नापास ते कुठे लिहिलंय?" काका हसले नाहीत. पण पत्रा घेऊन गेले.

आमचे शेठ भांडीबाजारातल्या घराण्यातले. तांब्या-पितळेवर नावं घालणारे त्यांचे वडील. माणूस वाईट नव्हता, पण एक नियम पक्का: ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याने फिल्मला हात लावायचा नाही. मी टबापाशी होतो, तिथे वाचायचं काही नव्हतं. पत्रा घालायचा, हलवायचा, काढायचा, धुवायचा.

मंदाताई मखमलाबादच्या. घरचा मळा, भाजी आणि फुलं. त्यांनी लग्नाआधी चित्रकलेचा वर्षभराचा कोर्स केला होता आणि शेठकडे पंधरा वर्षं फिल्मचं टेबल सांभाळत होत्या. वय चाळिशीच्या आत. डबा उघडला की आधी मेथीचा वास यायचा आणि मग त्यांचा आवाज. एका दुपारी मी धुतलेला पत्रा उन्हाकडे धरून बघत होतो. त्या मागून म्हणाल्या, "काय बघतोस रे शंकर?"

"यातलं एक घर रिकामं आहे ताई. वरच्या ओळीत अकरा आहेत, खाली दहाच."

त्यांनी पत्रा हातात घेतला. खरंच एक अक्षर उजेड देताना गळलं होतं. "तू वाचलंस?"

"वाचलं नाही. मोजलं."

"इंग्रजी येतं का तुला?"

तेव्हा माझ्या तोंडून गावचीच भाषा आली. "मले नाही येत, ताई. चौथीत शाळा सुटली."

त्यांनी पत्रा माझ्या हातात परत दिला. मग म्हणाल्या, "नजर चांगली हाय तुझी. टबात कुजवायची नाय." आणि सरळ शेठकडे जाऊन म्हणाल्या, "मला टेबलावर हाताखाली माणूस पाहिजे. शंकर चालेल. आठवी झालीय, इंग्रजी वाचतो."

त्या खोटं बोलल्या ते माझ्यासाठी. मी ते ऐकत होतो, पण नको म्हणालो नाही.

त्यांनी मला सव्वीस अक्षरांचे आकार शिकवले. वाचायला वेळ नव्हता, रोज काम पडलेलं असायचं. पण पायवाल्या जाड्यात वाचता आलं नाही तरी तपासता येतं, हे त्यांनीच शोधून काढलं. पारदर्शक कागदावर त्यांनी घरं आखून दिली. ती जाळी फिल्मवर ठेवायची. प्रत्येक घरात एक अक्षर, ऑर्डरच्या कागदाशी एकेक घर जुळवत जायचं. शब्द कळायची गरज नाही. मी अशा शेकडो पाट्या तपासल्या, आणि पुष्कळदा वाचणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेलं मला सापडायचं, कारण वाचणारा माणूस अंदाजाने पुढे जातो आणि मला अंदाजच नव्हता. दुपारच्या सुट्टीत त्या म्हणायच्या, "चल, शब्द वाचायला शिकू." मी म्हणायचो, "उद्या." चालतंय ना, मग कशाला, असं मला वाटायचं. खरं म्हणजे लाज वाटायची. त्यांच्यासमोर तोतरं वाचायची लाज. तेवढी लहानशी लाज मी राखली, आणि त्यातून ही मोठी उभी राहिली.

पुढचं कळायला फिल्मबद्दल थोडं सांगावं लागेल. फिल्मची एक बाजू चकचकीत, दुसरी मळकट. मळकट बाजू पत्र्याला चिकटली पाहिजे, म्हणून टेबलावर काम करताना ती बाजू वर असते. त्या बाजूने सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसतं. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या मापांच्या पाट्या असल्या तर सगळी फिल्म नव्याने करत नाहीत. मापाच्या जागी एक खिडकी कापायची आणि त्यात हव्या त्या आकड्याचा फिल्मचा तुकडा लाल पट्टीने चिकटवायचा. पायवाल्या जाड्यात सगळ्यांची घरं सारखी, त्यामुळे कुठलाही तुकडा खिडकीत नेमका बसतो. ही सोय होती. चुकीचा तुकडाही तितकाच नेमका बसतो, हे त्या सोयीतच होतं.

म्हणून मंदाताईंचा एक नियम होता. सगळं झालं की फिल्म उचलायची, चकचकीत बाजू आपल्याकडे करायची आणि एकदा सरळ वाचायची. मोठ्याने.

हा नियम मी त्या असताना पाळायचो, म्हणजे फिल्म उलटून त्यांच्या हातात द्यायचो आणि त्या वाचायच्या. मला तो नकोसा होता. मळकट बाजूने बघताना मला बरं वाटायचं. उलट्या बाजूने सगळेच अडाणी. शेठ आले तरी त्यांना डोळे बारीक करावे लागायचे, आणि तिथे मी त्यांच्याहून तयार होतो. फिल्म सरळ झाली की मी परत चौथी नापास.

दसरा आला. फुलांच्या मळेवाल्यांना दसऱ्याआधी श्वास घ्यायला वेळ नसतो. मंदाताई दरवर्षी दोन दिवस सुट्टी घ्यायच्या, झेंडू तोडायला. आणि त्याच दोन दिवसांत सातपूरच्या कारखान्यांना माल हवा असतो, कारण खंडेनवमीला मशीनची पूजा, मग सुट्टी. एका व्हॉल्व्हवाल्या कंपनीची ऑर्डर होती. बॉयलरच्या वाफेच्या पायपावर जो सेफ्टी व्हॉल्व्ह बसवतात, कुकरच्या शिट्टीसारखा, ठरलेल्या दाबाला आपोआप उघडणारा, त्याच्या पाट्या. व्हॉल्व्ह बाहेरून सगळे सारखे, पितळेचे. कोणता किती दाबाला उघडणार हे फक्त पाटी सांगते. ऑर्डर शून्य पॉइंट पाचची, म्हणजे अर्धा किलो दाबाची.

"दोन दिवस तू बघशील ना?" मंदाताईंनी जाताना विचारलं.

"बघतो."

"वाचायची वेळ आली तर त्या ऑफिसातल्या पोरीला हाक मार. लाजू नको."

"हो ताई."

टेबलावरच्या डबीत आधीच्या कामांतले आकड्यांचे तुकडे होते. मी मळकट बाजू वर करून शोधू लागलो. एक तुकडा सापडला: आधी शून्य, मग टिंब, मग पाच. कागदाशी जुळवला: शून्य, टिंब, पाच. घराला घर जुळलं. चिकटवला.

तुम्ही पातळ कागदावर इंग्रजी आकड्यांत पाच पॉइंट शून्य लिहा आणि मागून उजेडाकडे धरून बघा. आधी शून्य दिसेल, मग टिंब, मग उलटा पाच. ठिपक्याचं शून्य दोन्हीकडून सारखंच, टिंब मधल्या घरात, सारखंच. उलटा एकटा पाच, आणि उलटे आकडे बघायची मला एवढी सवय की तो मला खटकला नाही. बाकीची सगळी पाटी मी उजवीकडून डावीकडे जुळवली होती, रोजच्यासारखी. तेवढा तो तुकडा, सुटा हातात आल्यामुळे, डावीकडून वाचला.

फिल्म उचलून सरळ करायची बाकी होती. ऑफिसातली मुलगी समोर बसलेली होती. हाक मारली असती तर एका मिनिटाचं काम. पण ती विचारणार, तुला येत नाही का? मी फिल्म तशीच उजेडाच्या पेटीत सरकवली.

पाट्या झाल्या तेव्हा त्या अर्थातच सुलट्या होत्या. मी त्यांच्यावर जाळी ठेवून घरं मोजली. सगळी घरं भरलेली होती. माल गेला, आणि पूजेच्या घाईत कंपनीतही कोणी न वाचता पाट्या ठोकल्या. खंडेनवमीला मंदाताईंच्या मळ्यातले झेंडू आमच्या कॅमेऱ्याला वाहिले आणि मी मन लावून नमस्कार केला.

दीड-दोन महिन्यांनी व्हॉल्व्हवाल्या कंपनीचा माणूस आला. हातात आमची पाटी. सटाण्याकडे कांदा वाळवायचा एक कारखाना होता. तिथे वाफेच्या लाइनवर पाटी बघून पाचचा व्हॉल्व्ह बसवला. तो होता अर्ध्याचा. वाफ चढायला लागल्याबरोबर उघडला. बसवणारा माणूस समोरच उभा होता. हात आणि मान भाजली.

शेठनी फिल्म काढून आणायला लावली. चकचकीत बाजूने धरली. लहान पोरानेही वाचलं असतं.

"कोणी लावला हा तुकडा?"

मी टेबलाच्या अलीकडे, मंदाताई पलीकडे. डोळ्यांपुढे भाजलेला माणूस असायला हवा होता. खरं सांगतो, भट्टी होती.

"मी लावला," मंदाताई म्हणाल्या.

"तू तर सुट्टीवर होतीस."

"जायच्या आधी लावून ठेवला होता. शंकरने फक्त उजेड दिला."

"आणि सरळ करून वाचलं नाहीस? तू? मंदा, हा नियम तूच केलेला आहे या कारखान्यात!"

"नाय वाचलं. मळ्यात घाई होती."

शेठनी परत एकदा ती उजेडाकडे धरली. मग फिल्म टेबलावर ठेवून म्हणाले, "पंधरा वर्षं तुझ्या नजरेवर मी डोळे मिटून सही केली. आता मला ते होणार नाही."

एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या डबा उचलून निघाल्या. मी जिन्यात गाठलं. "ताई, मी सांगतो. आता जाऊन सांगतो."

"काय सांगशील? वाचता येत नव्हतं म्हणून? मग मी शेठशी खोटं बोलले तेही निघंल, आणि दोघं घरी जाऊ. मला मळा हाय. तू कुठं जाशील, वणीला?"

"पण ताई..."

"गप जा वर. पत्रा टबात हाय ना? जास्त खाल्ला जाईल."

मी वर गेलो. पत्रा काढला. शेठ म्हणाले, "शंकर, उद्यापासून टेबलावर तूच बस. मंदाच्या हाताखाली शिकलास, बाहेरचा माणूस कशाला आणू?"

मी बसलो. त्यांच्याच स्टुलावर, त्यांच्याच जाळीवर हात ठेवून. नाही म्हणता आलं असतं असं आजही रोज वाटतं.

पंधरवड्याने मंदाताईंचे यजमान फुलांचा टेम्पो घेऊन सातपूरला आले आणि माझ्या हातात कागदात गुंडाळलेलं काही ठेवून गेले. मुलीचं पाचवीचं इंग्रजीचं पुस्तक. "तिने निरोप दिलाय," ते म्हणाले. "टेबल आता तुझं हाय, आता तरी शीक." त्यांच्या आवाजात राग होता की नव्हता, मला कळलं नाही. मी त्यांच्याकडे वर बघितलंच नव्हतं. त्या पुस्तकावर मी शिकलो. चार महिने लागले. चारच महिने लागणारी गोष्ट होती ती.

सटाण्याला मी त्यानंतर गेलो. पत्ता कंपनीच्या माणसाकडून मिळाला. भाजलेल्या माणसाचं नाव वामन म्हणू. घराच्या ओट्यावर बसला होता, माझ्याच वयाचा.

"कोठेन उनात?" त्याने विचारलं.

"नाशिकहून. व्हॉल्व्हच्या कंपनीकडून," मी म्हणालो. तेही खोटंच. "हात कसा आहे?"

"आते बरं शे. पुरा उघडस नई, बस." मग त्याने मला वर-खाली बघितलं. "कंपनीना शेत ना? मग लिखी ल्या. मी पाटी वाचीसनच बसाडा व्हता तो. पाच लिखेल व्हतं, मी पाच वाचं. आठ दिन मॅनेजर समदास्ले सांगे, वामनले वाचता येस नई. मी सातवी पास शे, भाऊ. माले वाचता येस."

त्याला वाचता येत होतं. पाटीही त्याने नीट वाचली होती. ज्याला तेव्हा वाचता येत नव्हतं तो माणूस त्याच्या ओट्यावर बसून त्याच्या घरचा चहा पीत होता. मी मान हलवली, "लिहून घेतो" म्हणालो आणि निघालो. बस येईपर्यंत स्टँडवर उभा होतो, दोनदा परत फिरायला पाय उचलला. बसमध्ये चढलो.

पुढे कंप्युटर आला. आता फिल्म कापावी लागत नाही. यादीतून पायवाला जाडा निवडायचा, एक बटण दाबून आणखी जाड करायचा. दोन हजार सालानंतर मी अंबडला स्वतःचा लहानसा गाळा घेतला. लेसरने पाट्या कोरतो. अक्षर तेच ठेवलं आहे. गिऱ्हाइकं नवे नमुने दाखवतात, गुळगुळीत, बिनपायांचे. मी म्हणतो, पत्र्यावर हेच घ्या. माझ्याकडे कामाला येणाऱ्याला पहिल्या दिवशी मी मोठ्याने वाचायला लावतो आणि अडखळला तर हसत नाही. नियम मंदाताईंचा आहे हेही सांगतो. पुढचं सांगत नाही.

मंदाताईंना भेटायला जायला मला दहाएक वर्षं लागली. मखमलाबादला त्या गुलाबाच्या वाफ्यात उभ्या होत्या, हातात कात्री. केस पांढरे झालेले. मला बघून म्हणाल्या, "आला का वणीकर! टेबल मोडलं का?"

मी वाफ्याच्या बांधावर बसलो आणि सगळं एका दमात बोललो. डबीतला तुकडा, ऑफिसातली मुलगी, सटाण्याचा ओटा. त्यांनी मधे अडवलं नाही. कात्रीला लागलेला चिकटा पुसत राहिल्या.

"मी शेठना सांगतो ताई. आता मला कोणी काढू शकत नाही."

"म्हणूनच सांगायला निघालास," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "जाऊ दे, टोचून बोलले. कामाचं मला काय नाय वाटलं. मळ्यात जास्तच सुख हाय. पण एक सांगू? त्या दिवसानंतर कोणी भेटलं की विचारायचं, मंदा, डोळे तपासले का? पुढच्या दिवाळीला शेठच्या घरच्या आल्या, त्याही म्हणाल्या, वयानं होतं असं, चष्मा लाव. मी हो म्हणायचे." त्यांनी एक फूल कापलं, देठ बघितला, टोपलीत टाकलं. "नजर गेली नव्हती रे माझी. एवढंच वाईट वाटतं."

मी त्यांचं काम घेतलं असं समजत आलो होतो. घेतलं होतं ते दुसरंच काही.

त्या दिवसापासून मी शेठकडे तीन वेळा गेलो आहे. शेठ थकलेत, पण कान आणि डोकं शाबूत आहेत. गंगापूर रोडला मुलाकडे असतात. दोनदा फाटकावरून परतलो. तिसऱ्यांदा आत गेलो, त्यांनी जुन्या गोष्टी काढल्या, "मंदाच्या टेबलावर तू बसलास म्हणून कारखाना चालला," असं म्हणाले, आणि मी पेढ्यांचा पुडा ठेवून उठलो.

हा मजकूर पाठवण्याआधी मंदाताईंना वाचून दाखवला. नाव ठेवू का बदलू, विचारलं. म्हणाल्या, "ठेव. आणि मोठ्यानं वाचलास, बरं केलंस." माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

अंक छापून आला की पहिली प्रत मी शेठकडे नेणार आहे. तिथे बसून त्यांना हे सगळं वाचून दाखवीन, माझ्या तोंडाने, आणि मग त्यांना मखमलाबादला घेऊन जाईन, म्हणजे ज्यांनी त्या नजरेवरचा भरवसा काढून घेतला त्यांनीच तो मंदाताईंच्या दारात जाऊन परत ठेवावा. मी भित्रा माणूस आहे, चौथ्यांदाही फाटकावरून परतेन कदाचित. मग पाचव्यांदा जाईन. मंदाताई, तुम्हाला सांगतो, शेठ आहेत आणि मी आहे तोवर कधीतरी एक दिवस तुमची नजर तुम्हाला परत करीन.